आधी बिबळ्या, मग खेकडा

माझ्या ट्रोट्रोच्या, म्हणजे सीटवर चालणाऱ्या मिनीबसच्या, मागच्या काचेवर काय लिहायचं, ते मी घरून ठरवून गेलो होतो. वर आईचं नाव, खाली देवाचे आभार, डाव्या कोपऱ्यात गरुड, उजव्या कोपऱ्यात आमच्या फुटबॉल क्लबचं चिन्ह, आणि मधे जी काही जागा उरेल तिथे माझ्यावर जळणाऱ्यांसाठी दोन खणखणीत ओळी. पाट्या रंगवणाऱ्या अराबाने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि मला केंके खायला पिटाळलं. परत आलो तर काचेवर एकच शब्द होता. 'येतो'.

मी तिथेच भडकलो. "सिस्टर, बाकीचं कुठंय?"

"तुझ्या डोक्यात आहे ना? तिथंच बरं आहे ते." ती ब्रश पुसत होती, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तू स्टँडवरून निघालास की मागच्या माणसाला वाचायला वेळ किती मिळतो? तेवढ्यात त्याने गरुड बघायचा, की तुझी आई शोधायची, की जळत बसायचं?"

त्या दिवशी मी तिच्याशी बोललो नाही. पण पुढच्याच बाजाराला मासळीवाल्या बायका स्टँडवर येऊन विचारू लागल्या, "'येतो' गेली का रे?" आजही अमोआनो गावात माझं नाव एबो ओतू आहे हे फार थोड्यांना ठाऊक असेल. मी 'येतो'वाला. माझ्यामागून नव्या कोऱ्या गाड्या घेतलेल्यांना अजून नाव मिळालेलं नाही, कारण त्यांच्या काचा वाचायला चष्मा लागतो.

ही अराबा एसिल्फी माझी बहीण. सख्ख्या मावशीची मुलगी, पण घानाच्या किनाऱ्यावरच्या आम्हा फांटी लोकांत मावशीच्या मुलीला कोणी वेगळं धरत नाही. अंगाने भक्कम, आवाज स्टँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल असा, कोपरापर्यंत ऑइलपेंटचे डाग. नवरा वारल्यावर तिने कोणापुढे तोंड वेंगाडलं नाही. स्टँडच्या कडेला एक टपरी घेतली, दाराशी एक स्टूल टाकलं आणि वर पाटी लावली. 'पाट्या'. एवढंच. नाव नाही, फोन नाही, बायबलचं वचन नाही. समोरचे दोन पेंटर पोट धरून हसले होते. त्यातला एक आता मोबाइलची कव्हरं विकतो.

तिचा हात तयार झाला आतो मामाकडे. मामा खालच्या कंपनीचे झेंडे शिवायचा. आमच्या गावात आसाफो कंपन्या दोन, वरची आणि खालची. बापाची जी कंपनी, तीच पोरांची. पूर्वी या कंपन्या लढाईला जायच्या. आता लढाई राहिली नाही, पण ढोल, झेंडे आणि मानपान अजून जसेच्या तसे आहेत. कोणाच्या झेंड्यावर कोणतं चिन्ह, कोणता रंग, हे पणजोबांच्या काळापासून ठरलेलं. एका कंपनीचं चिन्ह दुसऱ्या कंपनीच्या जमिनीवर उभं राहिलं, की तो अपमान. यावरून आमच्याकडे डोकी फुटली आहेत.

मामा कापड कापून झेंड्यावर टाचायचा, झेंडा किनाऱ्यावरच्या काठीला अडकवायचा आणि वाळूत बसून राहायचा. होड्या परत आल्या की पहिल्या होडीतल्या माणसाला विचारायचा, "लांबून काय दिसलं?" तो माणूस अडखळला की मामा तिथल्या तिथे टाके उसवायचा. अराबा शेजारी बसून सुया ओवत असे. हे तिच्या अंगात तेव्हाच मुरलं.

पण झेंड्याचं गिऱ्हाईक म्हणजे कंपनी, आणि पाटीचं गिऱ्हाईक म्हणजे प्रत्येक जण स्वतःच एक कंपनी. एकेक नमुने मी पाहिलेत! केस विणणारी येते, तिला पाटीवर सगळ्या वेण्या हव्यात, शिवाय स्वतःच्या लग्नातला फोटो. प्रार्थनेचं दुकान काढलेला प्रॉफेट येतो, त्याला स्वतःचं तोंड, बायकोचं तोंड, पृथ्वीचा गोल, कबुतर, आणि कबुतराच्या चोचीत फोन नंबर. झाडपाल्याचा डॉक्टर आला तो तर मूळव्याधीपासून वाईट स्वप्नांपर्यंत सगळे रोग तोंडपाठ म्हणत आला.

अराबा कोणालाच 'नाही' म्हणत नाही. "नाही म्हटलं की गिऱ्हाईक पेटतं," ती मला म्हणाली होती. "आणि मग त्याला पाटी नको असते, जिंकायचं असतं." ती मुकाट्याने मोठा प्लाय घेते, काळा रंग दिलेला, आणि गिऱ्हाईक सांगेल ते सगळं खडूने त्यावर मांडते. अगदी नीट, हातचं न राखता. मग तो प्लाय जिथे पाटी लागणार तिथे उभा करते आणि गिऱ्हाइकाला माझ्या गाडीत बसवते. मी गाडी रस्त्याच्या वेगाने नेतो. गिऱ्हाइकाने खिडकीतून बघायचं आणि पुढे गेल्यावर सांगायचं, काय वाचलं. डिझेल माझं जळतं, पण त्याबद्दल आजवर मला कोणी विचारलेलं नाही.

झाडपाल्याच्या डॉक्टरला फक्त सगळ्यात वरचा शब्द वाचता आला. "मूळव्याध," तो म्हणाला, आणि खूश झाला.

"छान," अराबा म्हणाली. "म्हणजे उद्यापासून तुमच्या दारात जो उतरेल, त्याला गाव काय समजेल?"

त्याच्या पाटीवर आता एक भलंमोठं हिरवं पान आहे आणि खाली त्याचं नाव. रोगांची यादी तिने दुसऱ्या पाटीवर लिहून दिली, ती आत बाकासमोर लावली आहे. ही तिची दुसरी युक्ती. गाडीतून दिसत नाही ते आत लावायचं. आत वाट बघत बसलेल्या माणसाला वेळच वेळ असतो, त्याने वाचावं, स्वतःला आणखी दोन रोग लावून घ्यावेत.

पण हे सगळं झालं नेहमीचं. मला सांगायचं आहे ते मान्सा आंटीच्या पाटीचं.

मान्सा आंटीची खाणावळ गावातून जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर होती. तिच्या आईने सुरू केलेली. अक्रा ते टाकोराडी जाणारा प्रत्येक ड्रायव्हर तिथे थांबायचा, मीसुद्धा. मग बायपास झाला. गावाच्या मागून, झाडीतून, सरळ पुलावरून. गाड्या तिकडे वळल्या आणि जुन्या रस्त्यावर बकऱ्या झोपू लागल्या. मान्सा आंटीने काही महिने वाट पाहिली, रिकाम्या बाकांवर फडकं मारत. मग होतं नव्हतं ते घालून पुलाच्या अलीकडे, बायपासच्या कडेला नवी खाणावळ उभी केली. घरात दोन मुली आणि आंधळी झालेली मावशी. इथेही गाड्या थांबल्या नाहीत तर गावच्या सणानंतर टाळं लावून अक्राला भाच्याच्या घरी जाऊन राहायचं, असं ठरलं होतं. भाच्याच्या बायकोबद्दल मी काही बोलत नाही. मान्सा आंटीही बोलत नव्हती, पण तिचं तोंड सगळं सांगत होतं.

ती अराबाकडे आली तेव्हा मी तिथेच टायर बघत होतो.

"अगं अराबा, लिहून घे," ती स्टुलावर टेकत म्हणाली. "वर माझी आई. गळ्यात मणी हवेत हं. मग सगळे पदार्थ. केंके, फुफू, शेंगदाण्याचं सूप, खेकड्याचं सूप, तळलेली मासळी, भात. थंड पाणी. स्तोत्रातली एक ओळ. आणि खाली नावं. पत्रे माझ्या भावाने दिलेत, खांब चुलत्याने, बाकं चर्चच्या बायकांनी. सगळ्यांना मी शब्द दिलाय, तुमचं नाव पाटीवर येणार म्हणून."

"चर्चच्या बायका किती आहेत, आंटी?" मी विचारलं.

"तू टायर बघ."

अराबाने सगळं मांडलं. आईच्या गळ्यातले मणीसुद्धा. आम्ही तो प्लाय बायपासच्या कडेला उभा केला, मान्सा आंटी गाडीत बसली, आणि बाकीच्या गाड्या जातात तशी मी गाडी सोडली. पूल ओलांडून थांबलो.

"काय वाचलंत, आंटी?" अराबाने विचारलं.

"याने गाडी पळवली!"

"परत जा, एबो. सावकाश."

परत गेलो. इतका सावकाश, की मागच्या टँकरवाल्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मान्सा आंटीने नाक काचेला लावलं होतं. थांबल्यावर ती मागे टेकली.

"एक बाईचं डोकं दिसलं," ती हळूच म्हणाली. "पण ती माझी आई आहे हे मलाही कळलं नाही गं. आणि ते काहीतरी नांग्यांचं."

"खेकडा," अराबा म्हणाली. "आंटी, जुन्या रस्त्यावर लोक काय खायला थांबायचे?"

"हे काय विचारणं झालं? खेकड्याचं सूप! टाकोराडीचा मोठा साहेबसुद्धा बोटं चाटत जायचा."

"मग तेच दाखवू. आईला आत लावू, जेवणाऱ्यांच्या समोर. नावंही आत. ज्यांनी बाकं दिली त्यांनी बाकावर बसून वाचावीत आपली नावं."

मान्सा आंटीने डोळे पुसले आणि मान हलवली. पाटी झाली ती अशी. लाल रंगावर एकच पांढरा खेकडा, नांग्या पसरलेला, गाडीच्या चाकापेक्षा मोठा, आणि खाली 'मान्सा'. उंच खांबावर लावली. पुलाच्या पलीकडच्या चढावरूनच ती दिसायची. पहिल्याच दिवशी कोळशाचे दोन ट्रक थांबले. दुसऱ्या दिवशी एक अख्खी बस. मान्सा आंटीच्या थोरल्या मुलीने नदीवर निरोप धाडला, की खेकडे जास्त लागतील. मी गाडीतून जाताना दर वेळी भोंगा वाजवायचो, आणि सांगतो, छाती अशी फुगायची की स्टिअरिंगला लागायची. माझ्या बहिणीचं काम ते!

आणि मग एका दुपारी ढोल वाजला.

वरच्या कंपनीची पोरं होती. पुढे फीफी, त्यांचा झेंडा नाचवणारा. नाचतो उत्तम, पण डोकं कायम तापलेलं. "ही पाटी कोणी लावली?" तो ओरडत होता. "लालवर खेकडा! खालच्या कंपनीचा झेंडा! आमच्या जमिनीवर!"

मी गाडीतून उतरलो आणि माझ्याही तेव्हाच लक्षात आलं. खेकडा खालच्या कंपनीचाच. लाल रंगही त्यांचाच. मान्सा आंटीचा बाप त्या कंपनीचा, त्यामुळे तिला तो हक्काचा. पण बायपासच्या कडेची ती झाडी वरच्या कंपनीची. आम्ही तिच्याकडे नुसता रस्ता म्हणून बघत होतो. आईचं डोकं, स्तोत्र, चर्चच्या बायका यांच्या गर्दीत तो खेकडा असता, तर कोणाच्या बापाला दिसला नसता. अराबाने तो इतका चोख दाखवला होता की आता तो खांबावरचा झेंडाच झाला होता. खालच्या कंपनीने वरच्या कंपनीच्या अंगणात रोवलेला. आणि सण जवळ आलेला.

"पाटी उतरली नाही तर आम्ही उतरवू," फीफी म्हणाला. "आणि पाटीबरोबर पत्रेही."

मान्सा आंटी धावत अराबाच्या टपरीवर आली. "माझी आई परत काढ गं त्याच्यावर! सगळे पदार्थ काढ, नावं काढ. खेकडा झाकून टाक कशात तरी!"

"झाकला तर सूपही झाकलं जाईल, आंटी," अराबा म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. मामाच्या हाताखाली वाढलेली ती, आणि झेंडा तिला दिसला नाही. "चूक माझी आहे. मी रस्ता बघितला, जमीन बघितली नाही. आता मीच जाते नानांकडे."

नाना म्हणजे सुपी अमिसा, वरच्या कंपनीचे म्होरके. आपल्या पडवीत वेताच्या खुर्चीत बसले होते, शेजारी चार म्हातारे, आणि दारात फीफी. आम्ही रिवाजाप्रमाणे दारूची बाटली पुढे ठेवली, खाली बसलो. अराबाने पाल्हाळ लावलं नाही.

"नाना, चूक माझी झाली. पण एक विचारते. सणाला खालची कंपनी तुमच्या गल्लीतून जाते, तेव्हा तिचा झेंडा चालतो की नाही?"

"आमच्या झेंड्यामागून असेल तर चालतो," नाना म्हणाले. "यजमान पुढे, पाहुणा मागे."

"मग पुलाच्या अलीकडे, खेकड्याच्या आधी, तुमची पाटी उभी करते. वरच्या कंपनीचा बिबळ्या. येणाऱ्या प्रत्येकाला आधी कळेल जमीन कोणाची. त्याच्यामागे खेकडा. पाहुणा म्हणून."

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. नानांनी हनुवटी खाजवली. "पोरगी आतोची भाची शोभते," ते म्हणाले. "ठीक आहे. सणाच्या मिरवणुकीपर्यंत मुदत. पाटी आमच्या मनासारखी झाली नाही तर खेकडा उतरेल."

मला वाटलं, सुटलो. पण 'मनासारखी' हा शब्द मी ऐकला होता आणि विसरलो होतो. तो म्हाताऱ्यांच्या डोक्यात दोन दिवस फुगत राहिला. तिसऱ्या दिवशी चौघंही नानांना घेऊन टपरीवर हजर.

"बिबळ्या तर हवाच," पहिला म्हणाला, "पण आमचं जहाजही हवं."

"आणि किल्ली," दुसरा म्हणाला. "किल्ली नसेल तर माझा आजोबा थडग्यातून उठेल."

"ढोल!"

"आणि कंपनीच्या सगळ्या कप्तानांची नावं, पहिल्यापासून," ढोल म्हणणाराच पुढे म्हणाला.

"आणि खाली एक वाक्य," नाना म्हणाले, "की आमच्या वाटेला जाल तर बघा. जरा जोरदार शब्दात."

मान्सा आंटी अराबाच्या मागे उभी होती. तिने अराबाचा हात असा दाबला की माझ्याच हाताला कळ आली. "काढ गं सगळं," ती कानात म्हणाली. "तुझे ते प्रकार आज नकोत. हे लोक गिऱ्हाईक नाहीत. ते म्हणतील ते काढ आणि मला जगू दे."

मीही तेच म्हणालो असतो. अराबाने म्हाताऱ्यांना बसवून घेतलं. त्यांना पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, "होईल नाना" म्हणाली. ते गेल्यावर ती मान्सा आंटीकडे वळली.

"आंटी, त्यांच्या पाटीवर ही सगळी जत्रा भरली, तर रस्त्यावरून काय दिसेल? काहीच नाही. आणि त्याच्यामागे काय दिसेल? खेकडा. एकटा. सणाला ढोल वाजत येईल, पोरांनी चढवलेली असेल, आणि फीफीला पुन्हा फक्त खेकडाच दिसेल. मग तो नानांना विचारायला जाणार नाही. ती पाटी वाचता आली तरच तुमचे पत्रे वाचतील."

मान्सा आंटी स्टूल ओढून बसली. तिला पटलं होतं आणि त्यामुळेच ती जास्त घाबरली होती. "आणि म्हातारे चिडले तर?"

"तर मी पुन्हा चहाची टपरी टाकीन," अराबा म्हणाली, जणू आधी कधी टाकली होती. पण मी तिला लहानपणापासून ओळखतो. घाबरली की ती अशी थट्टा करते.

तिने जहाज काढलं, किल्ली काढली, ढोल काढला. एकेका कप्तानाचं नाव म्हाताऱ्यांना विचारून लिहिलं, आणि नानांचं ते जोरदार वाक्यही. खडूने इतकं सुंदर काम तिने कधी केलं नसेल. बिबळ्याला मिशासुद्धा होत्या. प्लाय पुलाच्या अलीकडे उभा केला आणि नानांसह पाची जणांना माझ्या गाडीत बसवलं. नाना पुढे माझ्या शेजारी.

"नेहमीसारखी चालव," अराबा मागून म्हणाली.

मी पलीकडच्या चढावरून गाडी सोडली. पूल आला. गाडीत सगळे बाहेर बघत होते. प्लाय गेला, खेकडा गेला, मी गाडी कडेला घेतली.

"काय दिसलं, नाना?" अराबाने विचारलं.

मागून एक म्हातारा म्हणाला, "फळा होता. पांढरं पांढरं काहीतरी."

"माझी किल्ली कुठे होती?" दुसरा कुरकुरला.

"आणि बिबळ्या?" अराबा म्हणाली. "बिबळ्या कोणी बघितला?"

कोणी नाही. मग नानांनी गाडीच्या टपावर अशी मूठ आपटली की मी उडालो. "खेकडा दिसला!" ते गरजले. "आमच्या जमिनीवर, आमच्या पाटीमागे, आणि मला फक्त तो खेकडा दिसला! ही काय थट्टा आहे?"

"थट्टा नाही, नाना. तुम्ही सांगितलं त्यातलं काही गाळलेलं नाही. जाऊन मोजून बघा." अराबाचा आवाज शांत होता, पण तिने पुढच्या सीटची दांडी घट्ट धरलेली मला आरशात दिसली. "खालच्या कंपनीने एकच गोष्ट आणली. तुम्ही सगळं घर आणलंत. बिबळ्याला त्यात उभं राहायला जागा नाही."

मला वाटलं, संपलं. आता पत्रेही गेले, टपरीही गेली. नाना तिच्याकडे वळले. मग मागे एकदम कल्लोळ उठला. जहाजवाला म्हणे किल्ली काढा, किल्लीवाला म्हणे ढोल काढा, ढोलवाला म्हणे कप्तानांची नावं तर माझ्या बापापासूनच सुरू होतात, ती काढायची असतील तर मला इथेच उतरवा.

"कप्तान कंपनीच्या घरात लावू," अराबा म्हणाली. "तिथे माणसं बसतात, पोरं खेळतात. रोज वाचतील. इथून तर तुमच्या बापाचं नाव ताशी ऐंशीने पळत जाणाऱ्याला दाखवायचं. तो त्यांना ओळखतो तरी का?"

ढोलवाला म्हातारा विचारात पडला. "घरात... चांगल्या अक्षरात?"

"सोनेरी रंगात."

"गप्प बसा सगळे," नाना म्हणाले. त्यांनी काच खाली केली आणि मागे वळून, लांबवर दिसणाऱ्या खेकड्याकडे पुन्हा एकदा बघितलं. "बिबळ्या," ते म्हणाले. "दुसरं काही नाही. आणि पोरी, तो त्या खेकड्यापेक्षा मोठा हवा."

"मोठाच काढते, नाना."

"आणि तोंड उघडं."

"उघडं."

ती पाटी रंगवताना मी जवळ बसलो होतो. काळ्या रंगावर पिवळाजर्द बिबळ्या, झेप घेतलेला, तोंड उघडं. तिने अक्षर एकही लिहिलं नाही. रंग वाळायच्या आत तिने मला पलीकडच्या चढावर पाठवलं आणि मी तिथून हात हलवून ओरडलो. ऐकू गेलं असेल नसेल, पण ती हसताना मला तिथून दिसली.

सणाच्या दिवशी वरची कंपनी गावातून निघाली, जुन्या रस्त्याने फिरून पुलापलीकडून बायपासला लागली. मागे गाड्यांची ही मोठी रांग, आणि त्यात सगळ्यात पुढे मी. मान्सा आंटीने पातेली आत ओढून घेतली होती, आईची तसबीर भिंतीवरून काढून कापडात गुंडाळली होती. मुलींना आणि मावशीला शेजाऱ्यांकडे पाठवलं होतं. अराबा मात्र खांबाखाली उभी, कमरेवर हात ठेवून. कोणी म्हटलं असतं तरी हलली नसती.

फीफी झेंडा घेऊन पुढे नाचत होता. घामाने निथळत, डोळे लाल. पुलावर आला आणि एकदम थबकला. ढोल थांबले. मी इंजिन बंद केलं.

"बिबळ्या!" तो ओरडला. "अरे, आपला बिबळ्या! पुलावरून दिसतोय!"

मग जो आरडाओरडा झाला तो मला सांगता येणार नाही. पोरं धावली, म्हातारे काठ्या उंचावत धावले. फीफीने पाटीसमोर झेंडा असा फिरवला, अंगाखालून, पायांमधून, खांद्यावरून, की नाना स्वतः पुढे येऊन टाळ्या वाजवू लागले. शेवटी त्याने झेंडा बिबळ्यापुढे झुकवला, आणि मिरवणूक पुढे सरकली. खेकड्यापाशी फीफी पुन्हा थांबला. त्याने मागे वळून बिबळ्याकडे बघितलं. वर खेकड्याकडे बघितलं. अराबा जागची हलली नाही.

"पाहुणा चांगला गलेलठ्ठ आहे," फीफी म्हणाला. "आंटी! सूप आहे का?"

मान्सा आंटी दारात आली. तिने मान हलवली. मग पातेली बाहेर आली. वरच्या कंपनीची पोरं खालच्या कंपनीच्या खेकड्याखाली बसून सूप प्यायली, नानांनी स्वतंत्र वाडगा मागवला, आणि मागे अडकलेल्या गाड्यांतली टाकोराडीची, अक्राची, कुठली कुठली माणसं उतरून रांगेत उभी राहिली. मुली परत आल्या, वाढायला लागल्या. ढोलवाला म्हातारा रांगेतल्या प्रत्येकाला बोट दाखवून सांगत होता, "ती पाटी आमची." माझ्या बहिणीचं नाव त्याने घेतलं नाही, म्हणून मी त्याच्या मागे मागे फिरून ते सांगत राहिलो. मला लाज वाटली नाही. का वाटावी?

ऊन उतरू लागलं तेव्हा एक मोठी बस येऊन थांबली. ड्रायव्हर उतरला, आमच्या गावाचा नव्हता. "बिबळ्या बघून ब्रेकवर पाय गेला," तो हसत म्हणाला, "आणि मग खेकडा दिसला. तीस जण आहोत. सूप मिळेल?"

मान्सा आंटीने पातेल्यात पळी फिरवली. खरडून खरडून फिरवली. मग ती बाहेर आली, रिकामी पळी हातात घेऊन, आणि एवढ्या लोकांसमोर म्हणाली, "संपलं हो. उद्या या."

अराबा खांबाला टेकून उभी होती. ती सरळ झाली. "काय म्हणालात आंटी?"

"संपलं म्हटलं."

"त्याच्यापुढचं."

मान्सा आंटीने तिच्याकडे बघितलं. मग ड्रायव्हरकडे. मग तिचा चेहरा हसू की रडू असा झाला, आणि ती एवढ्या मोठ्याने ओरडली की पुलावरच्या बकऱ्यांनी माना वर केल्या.

"उद्या या! मी इथंच आहे, उद्या या!"